आईंनी तीन मोजले

पंधरा वर्षांपूर्वी, वय वर्षे बावन्न असताना, बाहेर आभाळ कडाडत होतं आणि मी डोक्याला शिकेकाई चोळून नळाखाली बसले होते. कारण एकच — सासूला खोटं पाडायचं होतं. केस दुसऱ्या दिवशी धुतले असते तरी काही बिघडलं नसतं.

हा गाढवपणा विशीत केला असता तर "लहान होते" म्हणून सुटका होती. बावन्नाव्या वर्षी ती सबबही नाही. त्यातून मी शाळेत विज्ञान शिकवत होते. म्हणजे मुलांना वीज कशी पडते ते फळ्यावर काढून दाखवायचं, लाल खडूने बाण काढायचे, आणि घरी येऊन बाणाच्या टोकाशी स्वतः जाऊन बसायचं.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने हसते, हे आधीच सांगून टाकते. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, गेस्ट हाऊसमधला न दिसणारा खानसामा, पैंजणांचा आवाज... मला यातलं काहीएक कधी पटलं नाही. आजही पटत नाही. आणि माझ्या गोष्टीत यातलं काही नाहीसुद्धा. एक नळ आहे, एक लाकडी दिवाण आहे आणि भरदुपारचे चार वाजलेले आहेत. ज्यांना पैंजण हवेत त्यांनी पुढच्या पत्राकडे वळावं.

आम्ही जयपूरला, आदर्श नगरमध्ये. मिस्टर विमा कंपनीत अधिकारी होते, बदलीवर आलो आणि इथलेच झालो. तळमजल्याचं जुनं घर. पुढे व्हरांडा, मग बैठकीची खोली, मग मधली खोली, तिच्यामागे चार पावलांचा बोळ आणि बोळाच्या टोकाला बाथरूम. बाथरूमच्या बरोबर वर, गच्चीवर, लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी. टाकीतून लोखंडी पाइप भिंतीला धरून सरळ खाली नळापर्यंत. हा पाइप लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

सासरे गेल्यावर सासूबाई यवतमाळ सोडून आमच्याकडे आल्या. मी त्यांना आई म्हणायचे. ही गोष्ट घडली तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि गुडघे असे की दिवाणावरून उतरायला कुणाचा तरी खांदा लागायचा. बोलणं अस्सल वऱ्हाडी. मी पुण्याची. बाकी तुम्ही समजून घ्या... त्या "मले" म्हणाल्या की माझी भुवई आपोआप वर जायची. आज आरशासमोर ती भुवई करून बघते तेव्हा स्वतःच्याच तोंडात एक द्यावीशी वाटते.

तर आईंचे विजेचे नियम. आभाळ वाजलं की सगळ्यांनी मधल्या खोलीतल्या दिवाणावर यायचं. पाय वर घ्यायचे. भिंतीला टेकायचं नाही. टीव्हीची, फ्रीजची, कूलरची पिन काढायची. नळाला हात लावायचा नाही, भांडी नाही, धुणं नाही, अंघोळ तर नाहीच. गच्चीवरच्या तारेवरचे कपडे वाऱ्याने उडून गेले तर जाऊ द्यायचे. शेवटचा गडगडाट झाल्यावर एक भात शिजेल एवढा वेळ कुणी खाली उतरायचं नाही. आरशावर चादर टाकायची. आणि विळी अंगणात फेकायची.

आता सांगा, यातलं चूक काय? आरसा आणि विळी. बस. बाकीचं सगळं आज सरकार पत्रकात छापतं, माझ्या नातीच्या मोबाईलवर तेच येतं, भाताऐवजी तेवढं 'तीस मिनिटे' लिहितात. पण आईंच्या या शास्त्रज्ञ सूनबाईंनी, म्हणजे मी, काय केलं, तर अंगणात गंजत पडलेल्या विळीकडे बोट दाखवून बाकीचं सगळं एका फटक्यात मोडीत काढलं. विळी हास्यास्पद, म्हणून नळही हास्यास्पद. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी वहीवर लाल रेघ ओढली असती.

आणखी एक नियम होता, तो शेवटचा. मोजणी. सगळे बसले की आई प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायच्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून नाही, आधीपासूनच. त्यांची थोरली बहीण बारा वर्षांची असताना अशाच पावसात हातपंपावर भांडी घासत राहिली होती. घरात पंधरा माणसं, सगळ्यांना वाटलं पोरगी माजघरात असेल. पाऊस उघडल्यावर तिला कुणीतरी हाक मारली... तेव्हापासून आई मोजायच्या.

ही हकिगत मला ठाऊक होती. ठाऊक असून, आई आल्यापासून मी मोजणीला बसत नव्हते. नऊ वर्षं. ढग वाजला की मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करायची, नाहीतर व्हरांड्यात उभी राहून पाऊस बघायची. मिस्टर निमूट जाऊन बसायचे, मुलगा-सून घरी असले की तेही बसायचे, नात इरा तर आईंच्या मांडीतच. मी तेवढी बाहेर. मला वाटायचं मी विवेकाची मशाल धरून उभी आहे. धरलेली असायची लोखंडी ग्रिल.

तो दिवस जूनमधला होता, पाऊस अजून यायचा होता. साडेतीनला आंधी आली. जयपूरची आंधी ज्यांनी पाहिली नाही त्यांना एवढंच सांगते की आभाळ आधी पिवळं होतं, मग विटकरी होतं, आणि मग तुमच्या दातांत वाळू असते. गच्चीवरचे कपडे काढायला मी धावले (नियम मोडायचाच होता) आणि डोक्यात परातभर धूळ घेऊन खाली आले. लाइट गेली. मिस्टर कामासाठी जवळच्या बस्सी गावाला गेले होते. मुलगा-सून ऑफिसात. घरात आम्ही तिघी — आई, मी आणि पाच वर्षांची इरा.

धुळीमागून ढग आले. पहिला गडगडाट झाला आणि आईंनी पाय वर घेतले.

"नलू, पिना काढल्या काय?"

"लाइटच गेलीय, आई. पिना काढून काय करू, हार घालू?"

"तरी काढ. अन् इथं ये."

"मी केस धुवायला चाललेय. डोक्यात किलोभर माती आहे."

"बाई, पाण्यात नको जाऊ. आभाळ गरजून राहिलं."

यावर त्या बाईने — म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणवत नाही — जे उत्तर दिलं ते शब्दशः लिहिते, कारण एवढं अडाणी वाक्य विज्ञानाच्या दुसऱ्या कुठल्या शिक्षिकेने उच्चारलं असेल असं वाटत नाही. ती म्हणाली, "लाइट गेलेली असताना करंट येणार कुठून?"

आई पदर सावरायला लागल्या. मला वाटलं, जिंकले.

आणि एवढ्यावर थांबली असती तरी ठीक. पण नाही. तिने इराला हात केला. "चल गं, तुझे पण केस धुऊ. इथे अंधारात काय बसतेस, बडी आजी उगाच घाबरवते." इरा पणजीला बडी आजी म्हणायची. पोर लगेच उतरायला लागली, तिला पाण्यात खेळायला कधीही चालायचं.

आईंनी तिचं मनगट धरलं. त्या म्हातारीच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"तू जा," त्या म्हणाल्या. "तू मोठी आहेस, तुह्या मनाची मालक. लेकरू नाही देणार मी."

"आई, तुम्ही तिला भित्री करताय."

"होऊ दे भित्री. भित्री पोरगी सकाळी शाळेत जाईन."

मी दार आपटून बाथरूममध्ये गेले. आजही ते मनगट मला कधीमधी दिसतं. आईंची बोटं जरा ढिली असती तर... जाऊ दे. त्या 'तर'पुढे मी कधी जात नाही.

बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर बसले. नळ सोडला, केस ओले केले. शिकेकाईचं नवं पाकीट तिथेच फोडलं, वाटीत कालवलं, चोळायला लागले. शिकेकाई घरात मी एकटीच वापरायची; माझ्या सुनेला शॅम्पू लागायचा, आईंचे केस उरलेच होते मूठभर. हे तपशील कंटाळवाणे आहेत, पण पुढे लागणार आहेत. वर एकेक गडगडाट असा व्हायचा की वाटीतलं पाणी थरथरायचं. मी गुणगुणत होते. खरं सांगू? भीती वाटत होती. म्हणून मोठ्याने गुणगुणत होते, आईंना ऐकू जावं म्हणून.

तेवढ्यात मधल्या खोलीतून मोजणी आली. एरवी आई पुटपुटत मोजायच्या आणि मी तर कधी जवळपासही नसायची, म्हणून त्यांची मोजणी मी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट ऐकली.

"एक."

म्हणजे त्या स्वतः.

"दोन."

म्हणजे इरा.

मग जरा थांबल्या. आणि मग जोरात, जवळजवळ ओरडून —

"तीन."

मला हसू फुटलं. दोघी जणी बसल्यात आणि बाई तीन मोजतात. नऊ वर्षं ज्या मोजणीचं एवढं स्तोम, ती मोजणी साधी दोनापर्यंत बरोबर नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू... तसाच नळ सोडून, तसेच शिकेकाईने बरबटलेले केस मुठीत धरून मी उठले. ही संधी मला सोडायची नव्हती. केस धुऊन झाल्यावर सांगितलं असतं तर मजा गेली असती.

नीट वाचा. मला कुणी हाक मारली नाही, कुणी ढकललं नाही, कसला आतला आवाज आला नाही. मी त्या बाथरूममधून बाहेर पडले ती केवळ एका म्हातारीची चूक तिच्या तोंडावर काढायला.

बोळातली चार पावलं चालून मधल्या खोलीच्या दारात उभी राहिले. खोलीत अंधार होता, पण दिसत होतं. दिवाणावर मध्ये आई, त्यांच्या डाव्या बाजूला इरा, आणि उजवी बाजू रिकामी. आईंनी उजवा हात नाकाशी नेला होता आणि त्या स्वतःच्या तळहाताचा वास घेत होत्या.

"आई," मी म्हटलं, "दोन. दोनच आहात तुम्ही. परत मोजा."

इराने माझ्याकडे पाहिलं. मग आईंच्या पलीकडे, त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. घाबरली नव्हती, गोंधळली होती. मतलब, कुणी पत्त्यांची जादू केल्यावर मूल बघतं तशी.

"आजी, तू परत कशी आली?" ती म्हणाली. "तू तर इथे बसली होती ना, अभी."

आणि वीज पडली.

आवाजाचं वर्णन करत नाही, कारण तो मी ऐकला असं म्हणता येणार नाही. पांढरं झालं. मग मी उंबऱ्याशी खाली बसलेली होते आणि कानांत शिट्टी वाजत होती. जळकट वास. बोळातून पाण्याचा आवाज येत होता, पण नळाचा नाही, भिंतीतून फवारा उडाल्यासारखा. इरा रडत होती ते मला तिच्या तोंडावरून कळलं.

आई काहीतरी बोलत होत्या. ऐकू येईना. शेवटी त्यांनी हाताने खूण केली — वर ये. मी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दिवाणावर पाय वर घेऊन बसले. डावीकडे, इराला पोटाशी धरून. उजवीकडे बसायला मला नको वाटलं.

एक भात शिजेल एवढा वेळ आईंनी आम्हाला हलू दिलं नाही. त्या वेळात मी दोन गोष्टी पाहिल्या.

उजवीकडची चादर ओली होती. बसल्यावर उमटतो तेवढा गोल, आणि त्याच्यामागे, लांब केस टेकले असते तर जिथे टेकले असते तिथे, एक लांबट पट्टा.

आणि आईंच्या उजव्या तळहातावर शिकेकाई होती. तपकिरी, कालवलेली, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा गेलेली.

नंतर बाथरूम पाहिलं. वीज टाकीच्या स्टँडवर पडून पाइपातून खाली आली होती. पाइपाच्या बाजूचं प्लास्टर वरपासून खालपर्यंत सोललेलं, टाइल्स फुटलेल्या, नळ जागेवर नाही. नळाच्या तोटीचा तुकडा प्लास्टिकच्या स्टुलात रुतून बसला होता. स्टूल मी सोडलं तसंच होतं. मी बसलेली असते तर तो आधी माझ्यातून गेला असता. प्लंबर भैया आला, त्याने स्टुलाकडे पाहिलं, माझ्या डोक्यात वाळलेल्या शिकेकाईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आंटीजी, आज प्रसाद चढा देना." मी त्याला म्हटलं, "पहिले पाइप प्लास्टिक का लगाओ." बघा, अक्कल आली, पण मस्ती गेली नाही.

आता तुमच्यातले हुशार लोक खाली प्रतिक्रियांत जे लिहिणार आहेत ते मी पंधरा वर्षं स्वतःला सांगून झालंय. पाच वर्षांच्या पोराला काहीही दिसतं. मान्य. आज इरा वीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते, तिला विचारलं तर म्हणते, "आजी, मला आवाज आठवतो. बाकी कुछ नहीं. तू इतनी बार सांगितलंय की आता खरं काय आठवतं तेच कळत नाही." हेही मान्य. चादरीवरचं पाणी माझ्याच केसांतून ठिबकलं असेल? मी त्या बाजूला गेलेच नव्हते. आणि तळहात? मी दारात उभी राहिले तेव्हाच आई हाताचा वास घेत होत्या, माझ्या केसांना त्यांचा हात लागायच्या आधी. आई उठून बाथरूमपर्यंत येऊन गेल्या असतील? ज्या बाईला दिवाणावरून उतरायला खांदा लागतो ती? आणि कशासाठी, माझी वाटी ढवळायला?

स्मृती घोटाळा करते, धक्क्याने क्रम उलटसुलट होतो, असंही कुणी म्हणेल. म्हणा. मीही तेच म्हटलं असतं, जर ती चादर मी स्वतः पिळून वाळत घातली नसती.

माझ्याकडे खुलासा नाही. विज्ञानावरचा माझा विश्वास उडाला नाही. उलट तेव्हा ते नुसतं शिकवत होते, आता पाळते. आभाळ वाजलं की पिना काढते, नळाला हात लावत नाही, दिवाणावर पाय वर घेऊन बसते, इरालाही मोबाईल घेऊन गच्चीवर व्हिडिओ काढायला जाऊ देत नाही. विळी फेकत नाही. आरसा झाकत नाही. आई गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. मोजते मात्र मी, डोक्यावर हात ठेवून. इरा हसते. हसू दे, पुण्याची भुवई तिला वारशात मिळालीय.

त्या संध्याकाळी मिस्टर बस्सीहून परतायच्या आधी मी आईंचे पाय धरायला गेले. धरले नाहीत, एवढी काही मी सुधारले नव्हते. चहा दिला आणि जवळ बसले. मग विचारलं, "आई, तुम्ही दोघीच होतात. तीन का म्हणालात?"

आईंनी बशीतला चहा फुंकला. माझ्याकडे बघितलं नाही, तसंही त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहिते आणि थांबते.

"नऊ वर्षं मी तुले धरूनच मोजत होती, नलू. तू येत नव्हतीस, तरी तुह्या जागेवर हात ठेवून मोजत होती. दरवेळेस हाताले चादर लागे. आज डोकं लागलं."